वडगावच्या मावशींना, मनापासून थँक्यू

मावशी, तुम्ही व्हॉट्सअपवरचं लांबलचक काही वाचत नाही हे मला माहीत आहे, म्हणून तुमच्या नातवाला सांगून ठेवलंय की हे सगळं मोठ्यानं वाचून दाखव. तेव्हा मध्येच "पुरे गं" म्हणून उठायचं नाही. तुम्ही आता निपाणीला लेकीकडं राहायला गेलात, इथं असताना तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलायचात, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

आमच्या बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीचे लोक 1820 साली आले, म्हणजे दोनशे वर्षं होऊन गेली. चर्चं आहेत, मराठी कन्नड दोन्ही भाषांत भक्ती होतात, लहानपणापासून उपदेश ऐकत आलेय. पण बायबलात आमच्या विणकरांचा माग आहे, आडवा धागा इकडून तिकडं नेणारा धोटा आहे, हे मला कुणी दाखवलं नव्हतं, ते तुम्ही दाखवलंत, आणि ते पण कुठं तर आमच्या मागाच्या खोलीत, धोट्यातल्या सुताच्या कांड्या भरता भरता, त्या खडखडाटात ओरडून बोलत.

तो गुड फ्रायडेच्या आधीचा आठवडा होता. लाईट गेली, माग बंद पडले, सगळं एकदम गप्प झालं आणि तुम्ही पिशवीतनं बायबल काढून योहानाचा 19वा अध्याय लावलात. शिपायांनी येशूचे कपडे चार वाट्यांत वाटून घेतले, पण त्याचा अंगरखा बिनशिवणीचा, वरपासून खालपर्यंत एकसंध विणलेला होता म्हणून तो फाडला नाही, चिठ्ठ्या टाकल्या. हे मी किती वेळा ऐकलं होतं. तुम्ही मात्र पुस्तक तसंच मांडीवर ठेवून आम्हाला विचारलंत, "हा विणला कुणी असेल गं?" कुणालाच उत्तर आलं नाही, कारण ते बायबलात दिलेलंच नाही. मग तुम्ही म्हणालात, कुणीतरी मागावर बसलं असेल, कुणीतरी सूत कातलं असेल, तुटलेला धागा सांधला असेल, आणि त्याला माहीतसुद्धा नसेल की हे कुणाच्या अंगावर जाणार आहे. मावशी, आम्ही शहापूर-वडगावच्या विणकर बायका, साडी दुकानात गेली की आमचं नाव कुठं असतं? त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की आपलं हे काम प्रभूच्या अंगाला लागलेलं काम आहे. लाईट आल्यावर सगळ्या परत कामाला लागल्या, पण त्या दिवशी धागे सांधताना माझे हात जरा वेगळेच चालत होते, खरंच सांगते.

नंतर तर सवयच लागली. कोऱ्या कापडाचं ठिगळ जुन्या कपड्याला लावत नाहीत हे मार्काच्या शुभवर्तमानात येशू सांगतो, ते आम्हाला वेगळं समजवायला लागलंच नाही, कोरं सुती कापड पाण्यात पडलं की आटतं हे आमच्या पोरांनाही ठाऊक. पेरणारा, दिवा, खमीर, मेंढरं, सगळं त्यानं समोरच्या माणसांच्या रोजच्या जगण्यातलंच घेतलं. तुम्ही म्हणायचात की कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी म्हणूनच आपल्या अभंग-ओवीत प्रभूला गायलं, लोकांच्या तोंडी जे आधीच आहे त्यातच गायलं, आणि मग दोन कडवी म्हणून दाखवायचात.

पण तुमचे सगळ्यात जास्त आभार मला ऑगस्ट 2019 साठी मानायचेत. तो पाऊस. आमच्या गल्लीत पाणी शिरलं, ताण्याचं सूत गुंडाळलेलं बीम भिजलं, मोटर गेली, अर्धवट विणलेली साडी चिखलात. येणारे जाणारे म्हणत होते की यात पण प्रभूची काहीतरी योजना असेल, यातून काहीतरी शिकवायचं असेल. चांगल्या मनानंच म्हणत होते, पण ऐकलं की पोटात तुटायचं. तुम्ही आलात ते डब्यात भात-आमटी घेऊन, पदर खोचलात आणि खराट्यानं चिखल काढायला लागलात. एक वचन नाही, एक शब्द नाही, असे तीन-चार दिवस.

पुढं कधीतरी मी विचारलं की तेव्हा काहीच कसं बोलला नाहीत. तुम्ही म्हणालात, बायबलातल्या ईयोबाचं सगळं गेलं तेव्हा त्याचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि कुणी एक शब्द बोललं नाही, तेवढंच त्यांनी बरोबर केलं, तोंड उघडल्यावर सगळं बिघडवलं, शेवटी देवच त्यांच्यावर रागावला. आणि मग मला ईयोब 7:6 वाचायला लावलंत. माझे दिवस विणकराच्या धोट्याहून भरभर जातात, एवढंच मी कॅलेंडरवर छापलेलं बघितलं होतं, वेळ वाया घालवू नका अशा अर्थानं. तुम्ही म्हणालात, ओळ पुरी कर. तर पुढं आहे की ते आशेवाचून सरतात. म्हणजे तो माणूस रडत होता! रडणाऱ्या माणसाचं वाक्य अर्धं तोडून आपण सुविचार करून टाकतो.

आज मोबाईलवर रोज सकाळी बायबलच्या वचनांवरची छोटी मनन येतात, चहावरनं, कुकरवरनं, ट्राफिकवरनं. मला आवडतात, मी पुढं पाठवते पण. फक्त आता आधी ते वचन बायबलात काढून मागचं पुढचं वाचते, कोण कुणाला कधी म्हणालं ते बघते, आणि कुणाच्या घरी दुःख असेल तर पाठवतच नाही, सरळ डबा घेऊन जाते. हे तुमच्यामुळं.

बुधवारची कॉटेज मीटिंग, घरोघरची प्रार्थनासभा, चालू आहे. या आठवड्यात लूक 15 माझ्याकडं आलंय, नाणं हरवलेली बाई, दिवा लावून घर झाडणारी. घाबरायला होतंय पण करतेय. कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेमुळं आम्हा बायकांना सरकारी बसला पैसे पडत नाहीत, तेव्हा निपाणी काही लांब नाही, पुढच्या महिन्यात तिघी-चौघी मिळून येतोय. लेकीला सांगून ठेवा, जेवायलाच येतोय म्हणून. आणि गुडघ्याला तेल लावत जा.

तुमची,
मागाच्या खोलीतली पोरगी