चर्चच्या आवारात बैलं आणली तर बिघडतं कुठं?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

पोळा जवळ आला की आमच्याकडं ख्रिस्ती शेतकऱ्यांच्या घरात दरवर्षी एकच विषय निघतो, बैलं धुवायची ती धुवायचीच, खांदेमळण पण करायची, शिंगाला रंग लावायचा, पण मग न्यायची कुठं? बाकीचं गाव मारुतीकडं जातं. आमची जोडी पुरणपोळी खाऊन गोठ्यातच उभी. जालन्याजवळचं बेथेल गाव ख्रिस्ती धर्मप्रसारक नारायण शेषाद्रींनी निजामाच्या काळात वसवलं, तेव्हापासून मराठवाड्यातल्या मंडळ्यांमधी, म्हणजे चर्चच्या सभासदांमधी, शेती करणारे लोक आहेत, आणि इतक्या पिढ्यांत जनावरासाठी चर्चमधी एक प्रार्थना ठेवावी असं फारसं कुणाला सुचलेलं माझ्या तरी पाहण्यात नाही. म्हणून हे पत्र. वर्षातून एक रविवार ठेवा, बैलं, गाई, शेळ्या, कुत्री सुद्धा आवारात आणू द्या, आणि देवाचे आभार माना, एवढंच मागणं आहे.

हे बोललं की लोक बायबलातलं सोन्याचं वासरू काढतात. निर्गम 32. अहो पण त्या लोकांनी वासरू ओतलं आणि त्याच्या पाया पडले, इथं कोण बैलाच्या पाया पडा म्हणतंय? बैलासाठी देवाचे आभार मानणं आणि बैलाला देव मानणं यातला फरक आपल्या शेतकऱ्याला कळत नाही असं समजणं म्हणजे जरा जास्तच झालं.

शास्त्र काढायचंच असेल तर सगळं काढा. शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या आज्ञेत बैल आणि गाढवाचं नाव घेऊन लिहिलंय की त्यांना पण काम नको (बायबलातलं अनुवाद नावाचं पुस्तक, 5:14). निनवेच्या राजानं उपास पुकारला तेव्हा गुरांना पण चारापाणी बंद, त्यांच्यावर पण गोणताट, म्हणजे पश्चात्तापाचं जाडंभरडं कापड, आणि योनाच्या पुस्तकाच्या शेवटी देव योना संदेष्ट्याला विचारतो की एवढी माणसं आणि एवढी गुरंढोरं आहेत, मी त्यांची कीव करू नको का? स्तोत्र 148 मधी तर रानातली जनावरं, गुरं, सरपटणारे प्राणी, पाखरं सगळ्यांनाच परमेश्वराची स्तुती करायला सांगितलंय, आणि हे स्तोत्र आपण चर्चमधी मोठ्यानं वाचतो, दार मात्र त्यांना बंद. मळणी करणाऱ्या बैलाला मुसकं बांधू नको हे पण तिथंच अनुवादात आहे. आता प्रेषित पौलानं नव्या करारात ते वचन घेऊन देवाला काय बैलांची काळजी आहे असा सवाल केलाय आणि ते सेवकांच्या मजुरीला लावलंय, हे मला माहीत आहे, आमच्या पाळकसाहेबांना हे वचन पगाराच्या मिटिंगला बरोबर आठवतं. पण त्यानं दाखला पुढं नेला म्हणून बैलाच्या तोंडाला मुसकं बांधायची परवानगी थोडीच दिली.

आणि चर्चमधी जनावर येतच नाही असं पण नाही बरं का. हंगामाच्या सणाला येतं की. कोंबड्या पाय बांधून, एखादा बोकड, ज्वारीची कणसं, भोपळे, आणि उपासना झाली की लिलाव. कोंबडी दोन-तीनदा विकली जाते कारण घेणारा परत दान देतो, पोरं हसतात, मजा येते, छताचे पत्रे पण त्याच पैशातून बदलतात, त्याला माझा विरोध नाही. पण आपल्या उपासनेत जनावराची जागा फक्त लिलावाच्या टेबलावर, हे जरा खटकतं. येशूनं मंदिरातून बैलं, मेंढरं, कबुतरं विकणाऱ्यांना हाकललं, आणि तो स्वतःच कोकरा झाला म्हणून बळी संपले असं आपण मानतो. मग बळीही नाही आणि विक्रीही नाही अशी जनावराची तिसरी काही जागा आहे की नाही? त्याच्याच जिवावर ज्यांनी घर चालवलं त्यांनी तरी हा विचार करायला पाहिजे.

नाताळचं पण बघा. येशूच्या जन्माची गोष्ट लिहिणाऱ्या लूकनं फक्त गव्हाणी लिहिली, बैल-गाढव लिहिलेच नाहीत, ते यशया 1:3 वरून आले, बैल धन्याला ओळखतो, गाढव धन्याची गव्हाणी ओळखतं, पण माझे लोक ओळखत नाहीत, असं ते वचन. आणि असिसीच्या संत फ्रान्सिसनं 1223 च्या नाताळला इटलीत ग्रेच्चो गावी गव्हाणी मांडली तर खरा बैल आणि खरं गाढव उभं केलं आणि तिथंच मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासना, झाली. आपण थर्माकोलचे आणतो, ज्या गावात निम्म्या घरी खरे आहेत तिथं.

कॅथलिक लोकांत जनावरांना आशीर्वाद द्यायची रीत जुनी आहे, 17 जानेवारीला इजिप्तच्या संत अँथनीच्या दिवशी किंवा 4 ऑक्टोबरला फ्रान्सिसच्या, त्यांच्या 1984 च्या आशीर्वादविधीच्या पुस्तकात ती उपासना छापलेली आहे. आपल्या प्रोटेस्टंट मंडळ्यांना संतांचे दिवस नको असतील तर नको. 1 सप्टेंबर ते 4 ऑक्टोबर हा सृष्टीसाठी प्रार्थनेचा काळ जगभर वेगवेगळ्या चर्चेस पाळतात, 1 सप्टेंबरचा दिवस 1989 ला ऑर्थोडॉक्स चर्चनं सुरू केला, 2015 ला पोप फ्रान्सिसनं पण घेतला. पोळा कधी ऑगस्टात कधी सप्टेंबरात येतो, त्याच्या आसपासचा एखादा रविवार आरामात बसतो.

2022 ला जनावरांचा लम्पी रोग आला तेव्हा बैलबाजार बंद होते, गावोगाव गाठी आलेली जनावरं, लोक रात्र रात्र गोठ्यात बसलेले, आणि त्या रविवारी आमच्या प्रार्थनेत पाऊस होता, आजारी माणसं होती, परीक्षा देणारी पोरं होती, जनावरांचं नाव नव्हतं. चारा छावणीत महिने काढलेल्या माणसाला विचारा, त्याला घरच्या माणसाइतकीच बैलाची चिंता असते.

कमिटीवाले म्हणतात शेण पडंल, बैल बुजंल, गर्दीत कुणाला शिंग लागंल. बरोबर आहे, म्हणून आत नका घेऊ, मैदानात दावणी बांधा, वाजंत्री आणि फटाके नकोत, मारकं जनावर घरी ठेवा. त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना बोलवा, लाळ्या खुरकुताची लस राहिली असंल त्यांची नोंद घेतील. आणि शेजारचे हिंदू-मुसलमान भाऊ त्यांची जनावरं घेऊन आले तर त्यांना पण येऊ द्या. शेण झाडायला आम्ही आहोत.

आपला,
एक ख्रिस्ती शेतकरी,
ता. बदनापूर, जि. जालना