माळ्यावरच्या फोनमधला अँग्री बर्ड्‌स

गावभाग, सांगली
रविवार

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात माळा आवरताना माझा कॉलेजातला अँड्रॉइड फोन सापडला. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात खालच्या खोल्यांत पाणी शिरण्याआधी आईने कागदपत्रांची ट्रंक वर चढवली होती, तिच्यातच तो राहून गेला होता. बॅटरी इतकी फुगली होती की मागचे झाकण बसत नव्हते. दुसरी घातल्यावर फोन चालू झाला आणि २०११ मध्ये आपण आळीपाळीने खेळायचो तो अँग्री बर्ड्‌स जसाच्या तसा पुढे आला. ज्या लेव्हलला तिसऱ्या स्टारसाठी तू रात्र जागवलीस, तिथे अजून दोनच स्टार आहेत.

अपडेट आला की फोन जुनी फाईल काढून नवी बसवतो आणि स्टोअरवरही शेवटचीच आवृत्ती मिळते, त्यामुळे खेळाचे पहिले रूप सहसा अशा विसरलेल्या फोनमध्येच टिकते. हा खेळ आयफोनवर डिसेंबर २००९ मध्ये आणि अँड्रॉइडवर ऑक्टोबर २०१० मध्ये आला. २०२२ मध्ये तो बनवणाऱ्या रोविओ कंपनीने तो नव्याने बांधून दिला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये प्ले स्टोअरवरून काढूनही घेतला. फ्लॅपी बर्ड हा खेळ तर त्याच्या कर्त्यानेच फेब्रुवारी २०१४ मध्ये मागे घेतला. नुसती फाईल असूनही भागत नाही, कारण २०१७ च्या आयओएस ११ पासून आयफोनवर जुन्या धाटणीचे ३२ बिटचे ॲप उघडत नाही आणि अँड्रॉइड १४ फार जुन्या अँड्रॉइडसाठी बांधलेले ॲप सहजी बसवू देत नाही. म्हणून फाईलबरोबर फोनही जपला पाहिजे, असे माझे ठाम मत झाले आहे.

वायफाय बंद ठेवूनच मी खेळाची एपीके, म्हणजे अँड्रॉइडवर ॲप बसवायची फाईल केबलने संगणकावर घेतली. आवृत्तीचा क्रमांक आणि फाईलचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे तिच्यातल्या मजकुरावरून गणिताने काढलेला ओळखक्रमांक, वहीत उतरवला. फाईलमधला एक बिट जरी बदलला तरी तो हॅश बदलतो, त्यामुळे दहा वर्षांनीही प्रत अस्सल आहे की नाही हे ताडून पाहता येईल. इंटरनेटवर मिळणाऱ्या प्रतींत कोणी काय घुसडले असेल, याची अशी खात्री देता येत नाही.

आता तुझ्याकडचे. तुझ्या नोकिया ६३०० मधले जावा खेळ ब्लूटूथने कोणाकोणाकडून आलेले आहेत, आणि त्या काळी एकाच खेळाची जार फाईल स्क्रीनच्या मापाप्रमाणे वेगवेगळी बनत असे. तुझी २४० बाय ३२० ची प्रत माझ्याकडे नाही. काकांच्या ३३१० मधला स्नेक टू तर फोनच्या सॉफ्टवेअरमध्येच आहे, त्याची वेगळी फाईल मिळणार नाही. तेव्हा कृपा करून ते दोन्ही फोन भंगारात देऊ नकोस, रीसेट करू नकोस आणि बॅटरी फुगली असेल तर चार्जिंगलाही लावू नकोस. गणपतीला येशील तेव्हा दोन्ही घेऊन ये. ६३०० चे मेमरी कार्ड आपण माझ्याच टेबलावर उघडू.

काका-काकूंना नमस्कार.

तुझा,
अविनाश