मलायाच का? : अनंतास पत्र

पुणे,
कार्तिक शुद्ध पंचमी

प्रिय अनंत यास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. वाचनालयातील व्याख्यानासाठी तू आल्फ्रेड रसेल वॉलेस हा इंग्रज निसर्गशास्त्रज्ञ विषय म्हणून घेतलास हे वाचून फार बरे वाटले. पोटासाठी पाखरे आणि किडे गोळा करणाऱ्या माणसाला एवढ्या दूर मलाया द्वीपसमूहात, म्हणजे आजच्या इंडोनेशिया-मलेशियाच्या बेटांवर, जायची काय गरज होती, आपला सह्याद्री काय वाईट होता, हा प्रश्न तू थट्टेने विचारला आहेस. पण मला विचारशील तर तुझे सगळे व्याख्यान याच प्रश्नावर उभे करावेस. वॉलेसविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते त्यात १८५८ साली तापाने फणफणलेला असताना त्याला नैसर्गिक निवडीची, म्हणजे परिस्थितीला जुळणारे जीव तगतात आणि त्यातून जाती बदलत जातात ही, कल्पना सुचली आणि त्याने ती तिथल्या टर्नाटे बेटावरून डार्विनला कळवली, एवढाच प्रसंग घोळवून सांगितलेला असतो. तो मुळात त्या बेटांवर गेलाच कशाला याचे उत्तर जमाखर्चाच्या वहीत आहे, आणि एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाची वही उघडायला लोकांना उगाच संकोच वाटतो.

आधी १८४८ चा हिशेब पाहा. वॉलेस तेव्हा २५ वर्षांचा होता. भावाच्या हाताखाली जमीन मोजणीची कामे करून आणि मध्यंतरी लेस्टरच्या एका शाळेत शिकवून त्याने थोडी पुंजी साठवली होती. लेस्टरलाच त्याची हेन्री वॉल्टर बेट्सशी मैत्री झाली. बेट्स होजिअरीच्या धंद्यात उमेदवारी केलेला आणि भुंगेऱ्यांच्या मागे वेडा झालेला. दोघांपाशी ना इस्टेट, ना विद्यापीठाची पदवी. डार्विनचा जगप्रवास वडिलांच्या पैशावर झाला होता; या दोघांना प्रवासाचा खर्च प्रवासातूनच काढायचा होता. विल्यम एडवर्ड्स नावाच्या अमेरिकन गृहस्थाचे ॲमेझॉनच्या प्रवासावरील पुस्तक १८४७ मध्ये निघाले होते, ते त्यांच्या वाचनात आले, आणि मग दोघांनी लंडन गाठून ब्रिटिश म्युझियममध्ये फुलपाखरांचे काम पाहणाऱ्या एडवर्ड डबलडे यांची भेट घेतली. उत्तर ब्राझीलची जीवसृष्टी अजून फारशी कोणाला ठाऊक नाही. तिथून कीटक, गोगलगाई, पक्षी आणि सस्तन प्राणी जमवून आणलेत तर खर्च सहज भरून निघेल, असे डबलडे यांनी सांगितले. एवढ्या आश्वासनावर ते एप्रिलमध्ये लिव्हरपूलहून निघाले आणि २८ मे रोजी ॲमेझॉनच्या मुखाजवळच्या पारा बंदरात उतरले.

या धंद्याची घडी नीट समजून घे, कारण प्रदेशाची निवड तीवरच अवलंबून होती. लंडनमध्ये सॅम्युअल स्टीव्हन्स हा त्यांचा दलाल. तो स्वतः कीटकांचा दर्दी होता आणि त्याच्या भावाचे कॉव्हेन्ट गार्डनमध्ये लिलावघर होते. विक्रीवर शेकडा २० दलाली आणि जहाजभाडे व विमा यांसाठी शेकडा ५ तो घेई. सामान्य किड्यामागे गोळा करणाऱ्याच्या हातात जेमतेम काही पेन्स पडत. भाव मिळे तो नव्या जातींना, कारण म्युझियमला आणि श्रीमंत संग्राहकांना आपल्या कपाटात नसलेली वस्तू हवी असे. मंडईत हापूसच्या पहिल्या पेटीला जो भाव येतो तो पुढच्या शंभर पेट्यांना येत नाही, तसाच हा मामला होता. म्हणून अरण्य किती समृद्ध आहे हे पाहून भागत नव्हते. त्या अरण्यातला माल आजवर लंडनच्या बाजारात किती आला आहे, हे आधी पाहावे लागे.

ॲमेझॉनने हे गणित निम्मे खरे ठरवले आणि निम्मे खोटे. माल अफाट होता. बेट्स तिथे ११ वर्षे राहिला आणि त्याने १४,७१२ जाती जमवल्या, त्यांतल्या सुमारे ८,००० शास्त्राला नव्या होत्या. अडचण होती ती माल हलवण्याची. वॉलेस रिओ नेग्रो आणि वाउपेस या नद्यांनी पार आत शिरला. तिथून पेट्या ‘बारा’ नावाच्या गावापर्यंत, म्हणजे आजच्या मनाउसपर्यंत, होड्यांनी आणायच्या, पुढे पाराला न्यायच्या आणि मग जहाजाची वाट पाहायची. परत येताना त्याला कळले की आधी पुढे धाडलेल्या त्याच्या पेट्या जकातीच्या भानगडीत बारालाच अडकून पडल्या आहेत. त्या बरोबर घेऊन तो १८५२ च्या जुलैमध्ये ‘हेलन’ जहाजावर चढला. जहाजात रबर, कोको आणि कोपायबा नावाच्या झाडाचा तेलकट राळेसारखा चीक भरलेला होता. या चिकाची लहान पिंपे वाळूत रोवून नेण्याची पद्धत होती. काही पिंपे मात्र भाताच्या तुसात ठेवली होती, आणि ती आपोआप पेटली असे मानले जाते. ६ ऑगस्टला भर अटलांटिकमध्ये जहाज जळाले. दहा दिवस उघड्या होडीत काढल्यावर एका जहाजाने सर्वांना उचलले. चार वर्षांच्या कष्टांतले स्वतःसाठी राखलेले सगळे नमुने गेले. स्टीव्हन्सने त्याला न विचारता मालाचा विमा उतरवला होता म्हणून माणूस रस्त्यावर आला नाही. माझ्या मते वॉलेसच्या चरित्रात या दलालाला एक स्वतंत्र प्रकरण द्यायला हवे.

घरी परतताना जहाजावरूनच त्याने वनस्पतिशास्त्रज्ञ मित्र रिचर्ड स्प्रूस याला पत्र लिहिले. पुन्हा समुद्रावर पाऊल टाकायचे नाही अशी शपथ आपण पन्नास वेळा घेतली, पण आता मन फक्त एवढ्यावरच अडले आहे की पुढच्या खेपेला अँडीज गाठावा की फिलिपाइन्स, असा त्या पत्राचा भाव आहे. म्हणजे मलाया ही त्याची पहिली पसंती नव्हती. अँडीजला जाणे म्हणजे पुन्हा तीच होडी आणि तीच जकात. आणि फिलिपाइन्समधून ह्यू कमिंग या संग्राहकाने १८३६ नंतरच्या काही वर्षांत शिंपल्यांचे प्रचंड भांडार लंडनला आणलेले होते. ही नावे मागे पडण्याची कारणे हीच असावीत असा माझा तर्क आहे; तो तर्क म्हणूनच सांग.

पुढचे दीड वर्ष त्याने लंडनमध्ये जे केले ते मला सगळ्यांत मोलाचे वाटते. प्राणिशास्त्र आणि कीटकशास्त्र संस्थांच्या सभांना तो नेमाने बसे आणि ब्रिटिश म्युझियमचे पक्ष्यांचे व कीटकांचे खण धुंडाळत राही. कोणत्या प्रदेशाचा खण भरलेला आहे आणि कोणता रिकामा, हे तो पाहत होता. पक्षिशास्त्रज्ञ शार्ल ल्यूसियाँ बोनापार्ट याचा पक्ष्यांवरील जाडजूड लॅटिन ग्रंथ घेऊन त्याने त्याच्या समासात माहिती टिपून ठेवली, जेणेकरून बेटावर पक्षी हाती येताच तो नवा की जुना हे तिथल्या तिथे कळावे. या खटाटोपातून तो ज्या निर्णयाला आला तो त्याने आत्मचरित्रात स्पष्ट नोंदवला आहे: मलाया द्वीपसमूह विलक्षण समृद्ध आहे हे कळण्याइतकी माहिती उपलब्ध होती, पण जावा सोडल्यास तिथला एकही भाग नीट धुंडाळलेला नव्हता. त्यात जेम्स ब्रूक हा इंग्रज बोर्निओ बेटावरील सारावाकचा राजा होऊन बसलेला, सेलेबिस (आजचे सुलावेसी) आणि मोलुक्का बेटांवर डचांची ठाणी, सिंगापूर हे खुले बंदर आणि हवा एकंदरीत निरोगी. रॉयल जिओग्राफिकल सोसायटीचे अध्यक्ष मर्चिसन यांच्या खटपटीने त्याला सरकारी जहाजाने फुकट प्रवास मंजूर झाला. ते जहाज क्रिमियाच्या युद्धामुळे दुसरीकडे वळवले गेले तेव्हा पी. अँड ओ. कंपनीच्या आगबोटीचे तिकीट मिळाले, आणि एप्रिल १८५४ मध्ये तो चार्ल्स ॲलन या पोरवयाच्या मदतनिसासह सिंगापूरला उतरला.

आता तुझा सह्याद्री. कर्नल साइक्स या मुंबई लष्करातील अधिकाऱ्याने दख्खनच्या पक्ष्यांची यादी लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेत १८३२ मध्येच प्रसिद्ध केली होती. ईस्ट इंडिया कंपनीचे स्वतःचे संग्रहालय लेडनहॉल स्ट्रीटवर होते, आणि हिंदुस्थानभर पसरलेले डॉक्टर व लष्करी अंमलदार पगार खात फावल्या वेळात कातडी काढून तिकडे पाठवत होते. ज्या बाजारात माल फुकट येतो तिथे विकून पोट भरू पाहणाऱ्याने जाऊ नये, हे वॉलेससारख्याला कोणी सांगायला नको होते. आपल्या घाटांत तेव्हाही नवे पुष्कळ सापडले असते, याबद्दल मात्र मी तुझ्याच बाजूचा आहे.

निवड फळली का, तर पहिल्या दोन महिन्यांतच. सिंगापुरात बुकित तिमा येथे चौरस मैलभर जागेत त्याला ७०० जातींचे भुंगेरे मिळाले. त्याचे कारण असे की तिथे चिनी मजूर जंगल तोडत होते; नुकत्या तोडलेल्या ओंडक्यांवर आणि भुश्यावर भुंगेरे तुटून पडतात. जंगलात वाघही होते आणि ते मजुरांचा बळी घेत, हेही त्याने लिहून ठेवले आहे. हाच अनुभव १८५५ मध्ये सारावाकमधल्या सिमुन्जन येथे आला. कोळशाच्या खाणीसाठी तिथे झाडे पाडली जात होती. आधीच्या चार महिन्यांत त्याने ३२० जातींचे भुंगेरे जमवले होते; इथे ती संख्या पंधरा दिवसांच्या आत दुप्पट झाली, आणि एका दिवशी तर ७६ जाती सापडल्या, त्यांतल्या ३४ त्याला नव्या होत्या. दर किड्याला एक सेंट असा दर लावताच दयाक, म्हणजे बोर्निओचे मूळ रहिवासी, आणि चिनी मजूर बांबूच्या नळीतून किडे घेऊन दारात येऊ लागले. बोर्निओतल्या सुमारे २,००० जातींपैकी शंभरेक सोडल्या तर बाकी सगळ्या याच एका चौरस मैलात मिळाल्या. ज्या कुऱ्हाडीने ते अरण्य संपत होते तिनेच संग्राहकाचे पोट भरत होते, आणि ओरांगउटान ही मोठी वानरे मारून त्यांची कातडी व सांगाडे लंडनला पाठवणे हाही त्याच जमेचा भाग होता. मला ते वाचताना त्रास होतो. पण तू व्याख्यानातून ते वगळू नकोस.

याच सारावाकमध्ये अली नावाचा मलायी मुलगा त्याच्याकडे कामाला आला. पक्षी टिपायला आणि कातडी सोलायला तो इतका तरबेज झाला की १८५८ मध्ये बाचान बेटावरचा तो शास्त्राला तोवर ठाऊक नसलेला स्वर्गपक्षी (बर्ड ऑफ पॅराडाइज), ज्याला पुढे वॉलेसचे नाव मिळाले, तो अलीच्याच गोळीने हाती आला. बाजारभावाच्या हिशेबात मजुरांचा सेंट आणि अलीची बंदूक धरली नाही, तर आकडे जुळणार नाहीत.

प्रत्येक ठिकाण लाभाचे ठरले असेही नाही. न्यू गिनीजवळच्या आरू बेटांवर सेलेबिसच्या मकासर बंदरातून मोसमी वाऱ्यांवर गलबताने हजार मैल जावे लागले, पण १८५७ मध्ये तिथून ९,००० हून अधिक नमुने आले. उलट न्यू गिनीतल्या डोरे येथे स्वर्गपक्ष्यांच्या आशेने गेला, तर स्वतः आजारी, मुंग्यांनी टेबलावरची कातडी फस्त केलेली, आणि पक्षी दुसऱ्यांनीच उचललेले. नाव ऐकून बाजार धरला की असे होते. पण डच डाकबोटी बाटाव्हिया (आजचे जकार्ता), मकासर, टर्नाटे, अंबोन अशा ठरलेल्या फेऱ्या करत, त्यामुळे एक खेप फसली तरी पुढचे बेट गाठता येई आणि पेट्या सिंगापूरमार्गे घरी जात. ॲमेझॉनवर हीच सोय नव्हती. आठ वर्षांत जमलेले १,२५,६६० नमुने, त्यांत ८३,२०० भुंगेरे आणि ८,०५० पक्षी, हे या बोटींशिवाय लंडनला पोहोचलेच नसते.

बाली आणि लोंबोक या बेटांमधली ती प्रसिद्ध ‘वॉलेस रेषा’, जिच्या एका बाजूला आशियाई आणि दुसऱ्या बाजूला ऑस्ट्रेलियाकडचे प्राणी आढळतात, तीही या ये-जा करण्यातूनच दिसली. १८५६ मध्ये त्याला सिंगापूरहून थेट मकासरला जाणारी बोट मिळाली नाही, म्हणून तो बालीमार्गे गेला आणि चिंचोळी सामुद्रधुनी ओलांडताच पक्षी बदललेले दिसले. प्रत्येक नमुन्यावर बेटाचे नाव लिहिलेली चिठ्ठी लावायची आणि स्वतःसाठी एक वेगळा संच राखायचा, ही शिस्त त्याने पाळली होती, म्हणून ते निरीक्षण सिद्ध करता आले.

पैशाचे शेवटी काय झाले हे तू विचारशीलच. स्टीव्हन्सने विक्रीची रक्कम हिंदुस्थानातील सरकारी हमीच्या रेल्वेत गुंतवली आणि वॉलेस परतला तेव्हा त्यातून वर्षाला सुमारे ३०० पौंड येतील अशी व्यवस्था झालेली होती. पुढे त्याने स्वतःच्या बुद्धीने गुंतवणूक केली आणि बरेच घालवले. १८८१ मध्ये डार्विन वगैरेंच्या प्रयत्नाने सरकारने २०० पौंडांचे निवृत्तिवेतन दिले.

मुंबईच्या श्रोत्यांसाठी एक गोष्ट राखून ठेव. १८६२ मध्ये परतताना त्याने सिंगापुरात दोन जिवंत स्वर्गपक्षी १०० पौंडांना विकत घेतले. ते केळी, भात आणि झुरळे खात. मुंबईत तो आठवडाभर थांबला, विश्रांतीसाठी आणि पक्ष्यांसाठी ताजी केळी भरून घेण्यासाठी. बोटीवर झुरळे मिळेनात म्हणून तो रोज रात्री तासभर ती शोधत फिरे. माल्टाला एका बेकरीत मुबलक सापडली तेव्हा बिस्किटांचे डबे भरून घेतले. दोन्ही पक्षी लंडनला सुखरूप पोहोचले.

व्याख्यानाला एकच तास आहे म्हणतोस, तर टर्नाटेचा ताप दोन वाक्यांत उरक आणि वेळ १८५२ ते १८५४ च्या लंडनला दे. पौंडांचे आजचे रुपये करून सांगण्याच्या फंदात पडू नकोस. त्याऐवजी दर किड्याला एक सेंट हा दर फळ्यावर लिहून ठेव. सोबत डाकबोटींचा मार्ग पेन्सिलने आखलेला नकाशा पाठवत आहे, तो काम झाल्यावर परत कर.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. लोभ आहे तो वाढावा, ही विनंती.

तुझा,
विनायक