पाहणीला आलेल्या ताईंचे जाहीर आभार

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

पाणी अडवण्या-जिरवण्याच्या कामांसाठी पानी फाउंडेशनने गावागावांत घेतलेल्या वॉटर कप स्पर्धेच्या २०१८ च्या पाहणीसाठी आपण माण तालुक्यातील आमच्या गावी आला होता. त्या वर्षी २४ जिल्ह्यांतले ७५ तालुके स्पर्धेत होते, तेव्हा आमचे गाव आपल्या लक्षात असेल अशी अपेक्षा मी धरत नाही. राज्यातला पहिला क्रमांक आमच्याच तालुक्यातील टाकेवाडीने पटकावला आणि तो त्यांनी घाम गाळून मिळवला होता, यात शंका नाही. आमच्या गावाचे नाव कुठल्याच यादीत झळकले नाही. तरीही झालेल्या कामाची मापे नोंदवणारी गावाची मोजणीवही सांभाळणारा माणूस म्हणून आपले जाहीर आभार मानणे हे मी माझे कर्तव्य समजतो, कारण त्या पाहणीत आपण ज्या गोष्टी दाखवून दिल्या, त्यांच्या आधारे गावाचे काम आजही चालू आहे.

तपासणी समिती हा प्रकार आम्हाला नवा नव्हता. २००० साली सुरू झालेले संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान आणि २००७ ची तंटामुक्त गाव मोहीम, या दोन्ही वेळी समित्या येऊन गेल्या होत्या. वेशीवर रांगोळी, लेझीम पथक, पाहुण्यांना फेटे, आदल्या रात्री रंगवलेल्या भिंती आणि त्यांवर अजून ओले असलेले सुविचार, हा थाट कसा करायचा हे गावाला तोंडपाठ झाले होते. पाहुण्यांना कोणत्या गल्लीतून न्यायचे आणि कोणत्या गल्लीकडे वळू द्यायचे नाही, हेही ठरलेले असे. त्या अभियानांनी गावोगाव शौचालये उभी राहिली, उकिरडे हलले, हे मी नाकारत नाही. परंतु समिती गेल्यावर आपले नेमके काय चांगले आणि काय कच्चे, हे गावाला कधी कळले नाही. गुण तेवढे कळत, तेही दुसऱ्या कुणाकडून.

आपण आलात तेव्हा फेटा नम्रपणे बाजूला ठेवलात आणि म्हणालात, “आधी माथा बघू.” उन्हाचा तडाखा असताना आपण थेट डोंगराची चढण धरलीत. माथ्यापासून पायथ्याकडे काम करायचे, हे आमच्या मंडळींना प्रशिक्षणात शिकवलेले होते. वरचे पाणी वर अडवले नाही, तर ते माती घेऊन खाली येते आणि खालचे बांध पहिल्याच पावसात गाळाने भरतात. पण शिकलेले गावाने खरोखर पाळले का, हे पाहायचे तर डोंगर चढावाच लागतो, आणि गाडीतून उतरून तो चढण्याची तयारी सगळ्यांचीच असते असे नाही.

वर गेल्यावर आम्ही दाखवलेले समतल चर, म्हणजे पाणी अडवण्यासाठी उताराला आडवे, एका पातळीत खोदलेले चर, सोडून आपण आपल्या मनाने दुसरे चर निवडलेत. प्रत्येक चराची वरची रुंदी, तळाची रुंदी आणि खोली आपण तीन ठिकाणी टेपने मोजून सरासरी काढलीत. मग हायड्रोमार्कर मागवलात. दोन मोजपट्ट्यांच्या काठ्या आणि त्यांना बांधलेली पाण्याची पारदर्शक नळी, एवढेच ते साधन. दोन्ही काठ्यांवर पाणी एकाच आकड्यावर थांबले की दोन्ही जागा एका पातळीत आहेत असे समजायचे. एका चराच्या दोन टोकांना पाणी वेगवेगळ्या आकड्यांवर थांबले. तेव्हा आपण तो चर खोदणाऱ्या बायकांनाच जवळ बोलावलेत, काठी त्यांच्या हातात दिलीत आणि पावसाचे पाणी या चरात सगळीकडे न थांबता कोणत्या टोकाला धावेल, हे त्यांच्याकडूनच वदवून घेतलेत. शेजारच्या चरात मातीचा ढीग काठालाच टाकलेला होता. ढीग आणि चर यांच्यात फूटभर जागा मोकळी सोडली नाही, तर तीच माती पुन्हा चरात घसरते, हे सांगून आपण घसरलेल्या भागाचे घनमीटर वजा केलेत. एक घनमीटर म्हणजे एका भरण्याला हजार लिटर पाणी, हा हिशोब बायकांना पाठ होता, त्यामुळे त्या वजाबाकीची किंमत त्यांना लगेच उमगली. कुणीही वाद घातला नाही.

वाद झाला तो ओढ्यावर. लोकवर्गणीतून डिझेल घालून पोकलेनने केलेले खोलीकरण हा आमच्या गावाचा अभिमानाचा विषय होता आणि तिथे फोटो काढायला अर्धे गाव जमले होते. आपण खड्ड्यात उतरलात, हातातल्या दगडाने तळ ठोकून पाहिलात आणि मुरूम संपून खाली काळा कातळ लागल्याचे दाखवलेत. आमच्या भागात पाणी साठते ते मुरुमात आणि झिजलेल्या खडकाच्या थरात. अखंड कातळात ते मुरत नाही, आणि ओढा बाजूच्या विहिरींपेक्षा खोल गेला, तर मुरुमातले पाणी उलट ओढ्यात पाझरून वाहून जाते, हे आपण इतक्या शांतपणे सांगितलेत की यंत्रासाठी धावपळ केलेल्या तरुणांचा रागही हळूहळू मावळला. जेसीबी-पोकलेनचे फोटो म्हणजेच जलसंधारण असे मानण्याचे ते दिवस होते, म्हणून आपल्या त्या स्पष्टपणाचे मोल मला आज अधिक वाटते.

आपण केवळ उणिवा काढल्यात असे मात्र मुळीच नाही. आम्हाला दाखवण्यासारख्या वाटल्याच नव्हत्या, अशा दोन गोष्टींवर आपण सर्वांत जास्त वेळ दिलात. पहिली म्हणजे मागच्या आळीतल्या मोऱ्यांचे शोषखड्डे. दुसरी म्हणजे देवळाच्या भिंतीवर लावलेली श्रमदानाची रोजची हजेरी. ती वाचता वाचता आपण विचारलेत, “यात ज्यांना शेतच नाही, अशी घरे किती?” आम्ही बोटावर मोजू लागलो आणि गप्प झालो, कारण अशी घरे बरीच होती आणि त्यांची हजेरी बागायतदारांपेक्षा चांगली होती. विहिरींना पाणी वाढले की फायदा विहीरवाल्यांचा होणार. मग भूमिहीनांच्या घामाचे काय, हा प्रश्न त्या दिवसापर्यंत ग्रामसभेत कुणी उच्चारला नव्हता. हिवरे बाजारप्रमाणे आमच्या गावानेही दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडावा आणि त्यात माणसांचे व जनावरांचे पाणी आधी बाजूला काढून उरलेल्यावर पिके ठरवावीत, ही सूचना आपण वहीच्या मागच्या पानावर लिहून दिलीत. त्याच पानावर, ओढ्यावरच्या मातीच्या बांधाचा सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर जाण्याची वाट, अरुंद आहे, तो पावसाआधी रुंद करावा, असेही लिहिले होते.

त्यानंतरचा पावसाळा आपणास ठाऊक आहे. सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात माणही होता; जनावरे छावणीत गेली आणि एवढे खोदून उपयोग काय, असे टोमणे चौकाचौकात ऐकू येऊ लागले. आपण बोलता बोलता म्हणाला होता की चर पाणी आणत नाहीत, आलेले पाणी थांबवतात. ते वाक्य ग्रामसभेत मला अनेकदा उपयोगी पडले. २०१९ च्या परतीच्या पावसात बांध भरून वाहिला, पण सांडवा तोवर रुंद केलेला असल्याने भिंत टिकली. ताळेबंद तेव्हापासून मांडला जातो. उसाची लागण पूर्ण थांबली असे मी म्हणणार नाही. मात्र उन्हाळ्यात पिण्याच्या विहिरीवर मोटार टाकायची कुणाची हिंमत होत नाही.

एक तक्रार मात्र करतो. वॉटर कप २०१९ नंतर थांबला. खोदकामाला बक्षीस होते, पण गाळ काढण्याला, खचलेले चर पुन्हा उकरण्याला आणि ताळेबंद पाळण्याला बक्षीस क्वचितच मिळते. चांगल्या कामाचा गौरव करणाऱ्या संस्थांनी आणि शासनाने पहिल्या वर्षी ढोलताशे जरूर वाजवावेत, परंतु आपल्यासारखे मोजणारे एखादे माणूस पाचव्या वर्षीही पाठवावे, असे मला वाटते. तेव्हा कदाचित विजेत्यांच्या याद्या थोड्या वेगळ्या दिसतील.

आम्ही आता दर पावसाळ्याआधी आपण दाखवलेल्या पद्धतीने, न सांगता निवडलेले चर तीन ठिकाणी मोजतो. हे काम त्याच बायकांकडे आहे आणि हायड्रोमार्करची नळी दोनदा बदलून झाली आहे. दक्षिणेकडच्या उतारावर मात्र चर दरवर्षी लवकर भरतात. वर गवत धरावे की दगडी बांध घालावेत, यावर गावात दोन मते आहेत. हे पत्र आपल्या वाचनात आले, तर याबाबत आपले मत जरूर कळवावे.

आपला कृतज्ञ,
मोजणीवही सांभाळणारा एक शिक्षक
तालुका माण, जिल्हा सातारा