लॅपटॉप भंगारात द्यायचा नाही

त्रिमूर्तीनगर, नागपूर

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

नवीन लॅपटॉपचे पैसे पाठवू नकोस. तुझा जुनाच सुरू झाला. खरं म्हणजे तो बंद पडलाच नव्हता. घरातलं नवं वायफाय त्याला दिसत नव्हतं, ते आता दिसतं. फोनवर "कसं काय जमवलंस?" म्हणून विचारलंस, पण तेवढ्यात तुझी मीटिंग सुरू झाली आणि इकडे माझा कुकर. म्हणून सविस्तर लिहिते आहे. पूर्ण वाच, कारण तुझ्या "आई, ड्रायव्हर (म्हणजे वायफायचं कार्ड चालवणारा प्रोग्राम) अपडेट कर" मध्ये या वेळी काही दम नव्हता. का नव्हता, तेही येईल पुढे.

मे महिन्यात फायबरवाला मुलगा आला, जुना राउटर काढून नवा पांढरा बसवून गेला. मोबाईलवर नेट लगेच सुरू, बाबांचा टीव्हीही सुरू. सोसायटीचे हिशेब करायला मी लॅपटॉप उघडला, तर यादीत वरच्या मजल्याचं वायफाय, समोरच्या फ्लॅटचं, खालच्या दवाखान्याचं, सगळ्यांचं हजर आणि आपलंच गायब. त्या मुलाला फोन केला तर म्हणाला, "काकू, मोबाईलवर येऊन राहिलं ना नेट? मंग लॅपटॉपच गेला असन." सीताबर्डीतल्या दुकानदाराने तर झाकण उघडायचीही तसदी घेतली नाही. वायफायचं कार्ड गेलं, याचे पार्ट आता येत नाहीत, असं म्हणून नव्या लॅपटॉपचा कागद माझ्यापुढे सरकवला. बाबांनी कूलरवर आळ घेतला.

बाबांचं अगदीच काही खोटं नव्हतं. आपला कूलर म्हणजे पत्र्याचं भलंमोठं खोकं, खाली टाकीत पाणी आणि तिन्ही बाजूंना ओली गवताची ताटी. पत्रा रेडिओलहरी अडवतो, पाणी त्या शोषून घेतं. राउटर आणि मागची खोली यांच्या मधोमध कूलर ठेवला तर सिग्नलच्या काड्या कमी होणारच. उन्हाळ्यात नागपुरात कोणाचं वायफाय मंद झालं तर आधी कूलर कुठे आहे ते बघावं, हे मी आता सगळ्यांना सांगते. पण काड्या कमी होणं वेगळं आणि नावच न दिसणं वेगळं. लॅपटॉप राउटरच्या शेजारी टेबलावर आणून ठेवला तरी नाव नाही. कूलर सुटला.

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी टेस्ट डेस्कवर होते तेव्हा तू लहान होतास, तुला आठवत नसेल. १९८ वर तक्रार आली की लाइनमनला उन्हात सायकलवर पिटाळण्याआधी आम्ही एमडीएफवर, म्हणजे एक्स्चेंजमधल्या सगळ्या लाईन जिथे येतात त्या चौकटीवर, लाईन तोडून बघायचो: फॉल्ट आतला की बाहेरचा? बाहेरचा असेल तर केबलचा की ग्राहकाच्या घरातल्या फोनचा? एवढं समजल्याशिवाय कोणी कशाला हात लावायचा नाही. हल्लीच्या पोरांना ही सवय नाही. ती सरळ "नवीन घ्या" वर येतात.

तर इथेही तेच केलं. लॅपटॉपला शेजाऱ्यांची वायफाय दिसतात, या एका गोष्टीवरून किती काही कळतं बघ. कार्ड जिवंत आहे. अँटेनाच्या तारा जागेवर आहेत. ड्रायव्हर चालतोय. विंडोजमधली वायफायची सर्व्हिस सुरू आहे. एअरप्लेन मोड बंद आहे. दुकानदाराचं "कार्ड गेलं" इथेच निकालात निघालं. मग माझ्या मोबाईलचा हॉटस्पॉट लावून पाहिला. तो लॅपटॉपला दिसला आणि जोडलाही गेला. मग लॅनची वायर राउटरमधून थेट लॅपटॉपला लावली, नेट आलं. म्हणजे फायबर ठीक आणि लॅपटॉपही ठीक. प्रश्न इतकाच उरला, की आपला राउटर असं काय प्रसारित करतोय जे याला ऐकू येत नाही?

आता बँडचं. तुला हे माहीत असणार, तरी लिहिते, कारण हे पत्र मी सोसायटीतल्या दोघीतिघींना दाखवणार आहे. घरातलं वायफाय साधारण दोन पट्ट्यांवर चालतं, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. ५ चा वेग जास्त, पण भिंतींपुढे तो लवकर दमतो. २.४ हळू, पण लांब जातो. जुन्या, त्यातही स्वस्तातल्या लॅपटॉपना ५ चा पट्टा माहीतच नसतो. आपल्याला आहे का हे बघायला ती काळी कमांडची खिडकी उघडून वायफाय ड्रायव्हरची माहिती मागवली. त्यात "रेडिओ टाइप्स सपोर्टेड" अशी ओळ असते. आपल्याकडे तिथे ८०२.११ बी, जी आणि एन एवढेच वायफायचे प्रकार निघाले. ५ वर चालणारे ए किंवा एसी हे प्रकार नाहीत. म्हणजे ५ चा पट्टा याला जन्मात दिसणार नाही, त्याची आशाच सोडायची.

नव्या राउटरने दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलेलं होतं. मोबाईलला एकच नाव दिसतं, तो आपलं आपण ठरवतो कुठे जोडायचं ते. सोयीचं आहे, पण फॉल्ट शोधणाऱ्याला आंधळं करतं. राउटरच्या पोटाखालच्या स्टिकरवर पत्ता असतो, आपला १९२.१६८.१.१, आणि तिथेच आत शिरायचा पासवर्ड. लॅनच्या वायरवरून आत गेले आणि दोन्ही पट्ट्यांची नावं वेगळी केली. २.४ सुरू आहे हे मोबाईलवर दिसलं. लॅपटॉपवर तरीही नाही.

इथे कोणीही हात टेकले असते. पण माझ्याकडे एक धागा होता आणि तो मी केव्हापासून धरून बसले होते. नवतप्यात, मे अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, आपल्याकडे लाईट कसे जातात ते तुला सांगायला नको. सगळ्यांचे कूलर आणि एसी एकदम सुरू, मग डीपीवर ताण येतोच. अशाच एका संध्याकाळी लाईट येऊन पाहते तर लॅपटॉप आपोआप वायफायला जोडलेला! मी काही केलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा लाईट गेले, आले, आणि वायफाय परत गायब. बाबा म्हणाले, "त्याच्या मनावर आहे." मधूनच येणारा-जाणारा फॉल्ट टेस्ट डेस्कवर कोणालाच नको असायचा. मला मात्र तो आवडायचा. कायमचा फॉल्ट गप्प असतो. येणारा-जाणारा बोलतो, फक्त तो आला तेव्हा आणि गेला तेव्हा काय बदललं ते बघायचं.

लाईट जाऊन आले की काय बदलतं? लॅपटॉपला बॅटरी आहे, तो चालूच राहतो. राउटर बंद होऊन नव्याने सुरू होतो. आणि नव्याने सुरू होताना तो चॅनेल, म्हणजे पट्ट्यातली आपली जागा, नव्याने निवडतो, कारण तिथे "ऑटो" लावलेलं आहे. राउटरच्या पानावर जाऊन पाहिलं. चॅनेल १३.

निखिल, हा लॅपटॉप तू घेतलास कुठे? ओहायोत, २०१२ साली, एमएसला असताना.

२.४ च्या पट्ट्यात चॅनेल १ हे २४१२ मेगाहर्ट्झवर असतं आणि पुढचं प्रत्येक ५ मेगाहर्ट्झने सरकतं, त्यामुळे १३ येतं २४७२ वर. भारतात १३ पर्यंत सगळी चॅनेलं वापरता येतात. अमेरिकेत वरच्या दोन चॅनेलांवर इतके निर्बंध आहेत, की तिकडे विकायच्या उपकरणांत उत्पादक सरळ ११ वरच कुंपण घालतात. ते कुंपण कार्डातच लिहिलेलं असतं. विंडोजमध्ये देश भारत निवडला म्हणून ते हलत नाही. जुन्या रेडिओवर काटा जिथे संपतो त्याच्या पुढे एखादं स्टेशन असलं तर ते कितीही जोरात लागू दे, आपल्याला काय ऐकू येणार? तसंच हे. माझा मोबाईल इथे घेतलेला, त्याला १३ ऐकू येतं. शेजाऱ्यांचे राउटर १, ६ आणि ११ वर बसलेले, म्हणून ते लॅपटॉपला ऐकू येतात. आणि आपला राउटर १३ वर का गेला, तेही यातच आलं. एक चॅनेल जवळजवळ २० मेगाहर्ट्झ जागा खातं, म्हणून १, ६, ११ हीच एकमेकांच्या पायात न येणारी त्रयी. ती शेजाऱ्यांनी भरून टाकली होती. आपल्या शहाण्या राउटरने रिकामी जागा शोधली. त्याचं काम त्याने चोखच केलं म्हण.

"ऑटो" काढून चॅनेल १ ठेवलं. ६ वर दवाखाना फार जोरात आहे आणि ११ वर गर्दी. चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ केली, जुन्या कार्डांना तेच सोपं जातं. सेव्ह केलं, राउटर उठेपर्यंत थांबले, यादी परत उघडली. नाव अगदी वर, सगळ्या काड्यांसकट. बाबांना हाक मारून दाखवलं, तर ते म्हणाले, "म्हणजे कूलर हलवायचा नाही?"

तुझ्या ड्रायव्हर अपडेटचं राहिलं. तो उपाय चुकीचा नाही, पण दुसऱ्या फॉल्टचा आहे. वायफाय ६ चे, म्हणजे ८०२.११ एएक्सचे राउटर आले तेव्हा इंटेलच्या काही जुन्या कार्डांना जुन्या ड्रायव्हरवर ती नेटवर्कं दिसतच नव्हती. तिथे ड्रायव्हर अपडेट करणं किंवा राउटरवर एएक्स बंद करणं हाच इलाज. लक्षण सारखंच: शेजाऱ्यांचं दिसतं, आपलं नाही. पण आपला लॅपटॉप मधे एकदा जोडला गेला होता ना? एएक्सची भानगड असती तर तो एकदाही जोडला गेला नसता. राउटरने नाव लपवून ठेवलं असेल, ही शंकाही याच कारणाने बाद. आणि नाव दिसतं पण पासवर्ड देऊनही आत घेत नाही, असं असेल तर बऱ्याचदा राउटरवर फक्त डब्ल्यूपीए ३, म्हणजे वायफायच्या सुरक्षेची नवी पद्धत, लावलेली असते. तिथे डब्ल्यूपीए २ आणि ३ असं मिश्र करायचं. कोणी म्हणेल की पासवर्डच काढून टाका, तर त्याला घरात घेऊ नये.

बी विंगमधल्या काकूंना हे कळलं आणि त्या त्यांचा लॅपटॉप घेऊन आल्या. त्याला एकही वायफाय दिसत नव्हतं, आपलंही नाही. म्हणजे हा फॉल्ट वेगळा, आतला. पुढच्या कडेला बारीकसा सरकता खटका होता, वायरलेस चालू-बंद करायचा. पुसताना तो सरकला होता. कैरीच्या लोणच्याची बरणी मिळाली त्याबद्दल. तो खटका ठीक निघाला असता तर मी डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळी खूण आहे का ते पाहिलं असतं, म्हणून म्हटलं तुला सांगून ठेवावं.

आता तुझ्याकडची कामं. या लॅपटॉपवर विंडोज १० आहे आणि त्याचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. त्यामुळे बँक, पेन्शन यातलं काहीही मी याच्यावर करत नाही, फक्त हिशेब आणि टायपिंग. दिवाळीला येशील तेव्हा लिनक्स टाकून दे. मराठी टायपिंग मात्र माझ्या सवयीचंच पाहिजे, ते आधी तपासून ये. हिशेबाच्या एक्सेल फायली मी पेन ड्राइव्हवर काढून ठेवते, तू त्यांना हात लावू नकोस.

बॅटरी अर्धा तासही धरत नाही. मॉडेल नंबरचा फोटो पाठवला आहे. बंगळुरूला चांगली मिळाली तर घे, नाही तर राहू दे, मी वायर लावून वापरते, स्वस्तातली फुगते. आणि तुझ्या कॉलेजच्या फोल्डरने अर्धी डिस्क खाल्ली आहे. त्यातलं काय ठेवायचं ते या रविवारी फोनवर सांग.

तुझी,
आई