महंत आणि संशोधक एकाच पोथीपुढे बसवा

प्रति,
मा. मराठी भाषा मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला. महानुभाव पंथाच्या म्हाइंभटांनी तेराव्या शतकात जिथे चक्रधरस्वामींच्या आठवणींचे लीळाचरित्र लिहिले, त्या रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठही सुरू झाले. आता मठामठांतल्या महानुभाव पोथ्यांची सूची आणि छायाचित्रण ओघानेच येणार. ते काम एकट्या विद्यापीठाकडे किंवा एकट्या कंत्राटदाराकडे देऊ नका. महंत आणि संशोधक पहिल्या दिवसापासून बरोबर नसतील तर पाठ, म्हणजे पोथीतला मूळ मजकूर, चुकतो.

कसा, ते सांगतो. यांतल्या कितीतरी पोथ्या सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत आहेत. सकळ लिपीत एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर येते. वाचणाऱ्याने उलगडता उलगडता थेट बालबोधीत (देवनागरीत) उतरवले, तर त्याची चूक कोणती आणि जुन्या लेखकाची कोणती हे पुढे कळत नाही. तीच चूक पाठभेद म्हणून छापली जाते. म्हणून एका ओळीत सकळ अक्षरे जशीच्या तशी आणि तिच्याखाली बालबोध, असा क्रम हवा. पंथातल्या एकाने आणि बाहेरच्या एकाने हे वेगवेगळे करावे. दोन्ही प्रती जिथे जुळत नाहीत, तिथे दोघांनी मिळून पोथी पाहावी.

लीळाचरित्राची अडचण आणखी खोल आहे. मूळ प्रत धाडीत गेली आणि शिष्यांनी ती आठवणीतून पुन्हा बांधली, असे परंपरा सांगते. त्यामुळे एकच लीळा (चक्रधरांच्या आयुष्यातला प्रसंग) निरनिराळ्या पाठांत कमीजास्त येते. सगळ्या प्रतींच्या मुळाशी असलेला एक पाठ शोधण्याची संशोधकाची सवय इथे धोक्याची ठरते. उलट महंतांना सूत्रपाठातली, म्हणजे चक्रधरांच्या वचनसंग्रहातली, वचने मुखोद्गत असतात. कुठले वचन कुठल्या प्रसंगी आले याची चर्चा पंथात पिढ्यान्‌पिढ्या झालेली आहे. कथनाचा भाग हलतो आणि वचन सहसा टिकते, हे त्यांच्याशिवाय चटकन कोण दाखवील?

काळ ठरवताना मात्र संशोधकाचा शब्द लागतो. पुष्पिकेतल्या (पोथीच्या शेवटच्या नोंदीतल्या) शकात ७८ मिळवून (जानेवारीपासून शकाचे वर्ष संपेपर्यंत ७९) इसवी सन काढला की भागत नाही. संवत्सर, तिथी आणि वार एकमेकांशी जुळले पाहिजेत. शिवाय नक्कल करणारा कधी कधी आधीच्या प्रतीची पुष्पिकाही तशीच उतरवतो. मग पोथी आहे त्याहून जुनी वाटते. कागद आणि हस्ताक्षर तपासल्याशिवाय सूचीत काळ लिहूच नये.

छायाचित्रणाच्या निविदेत कोरी पाने, पत्राच्या (पोथीच्या सुट्या पानाच्या) दोन्ही बाजू आणि समासातल्या नोंदी स्पष्ट मागा. कंत्राटदार घाईत नेमके हेच सोडतो. प्रत्येक चित्रात मोजपट्टी आणि रंगपट्टी हवी. जिथे अक्षरे खोडायला हरताळ (पिवळे खनिज) फासलेला आहे, तिथे इन्फ्रारेड चित्र घ्यावे: काजळाच्या शाईची खालची अक्षरे बहुधा दिसतात आणि काय खोडले होते ते कळते. हरताळात आर्सेनिक असते, तेव्हा हाताळणाऱ्यांना हातमोजे द्या. आणि लॅमिनेशनला ठाम बंदी घाला. एकदा चिकटलेला कागद पुन्हा सहजी सुटत नाही.

मठांशी करार लेखी हवा. पोथी मठाबाहेर जाणार नाही. चित्रांचा एक संच मठाकडे, एक विद्यापीठाकडे राहील. कोणती पत्रे सर्वांसाठी खुली करायची नाहीत, हे मठ आधीच लिहून देईल. वाचनावर एकमत झाले नाही तर दोन्ही वाचने छापली जातील आणि ती कोणाची हेही लिहिले जाईल. न पटलेले वाचन गाळण्याचा अधिकार दोघांनाही नसावा. शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी करणाऱ्या एकनाथांनी तिच्यात स्वतःची ओवी घालणाऱ्याला अमृताच्या ताटात नरोटी (करवंटी) ठेवणारा म्हटले. भक्ती आणि पाठचिकित्सा एकाच माणसात नांदल्याचा हा आपला घरचा दाखला आहे.

पहिल्या टप्प्यात एक मठ आणि दहा पोथ्या पुरेत. शासन निर्णयात समितीचे निम्मे सदस्य पंथाने सुचवलेले असावेत आणि मानधन दोन्ही बाजूंना सारखे असावे. महंतांना उद्‌घाटनापुरते बोलावून नंतर विसरले, तर दुसऱ्या मठाचे दार उघडणार नाही.

कळावे,
महानुभाव पोथ्यांचे अभ्यासक