कुस्तीत पाठीवर नंबर नसतो

कोलंबिया, मिझुरी (अमेरिका)
रविवार, रात्री उशिरा

ती. आजोबा,
साष्टांग नमस्कार.

"खेळांचे फोटो काढायला एवढ्या लांब जावं लागतं होय गं?" असं तुम्ही फोनवर विचारलंत आणि मी हसून वेळ मारून नेली. फोन ठेवल्यावर मात्र ते डोक्यातून जाईना, म्हणून हे पत्र. आई वाचून दाखवेलच. तिला सांगा, कंटाळवाणं वाटलं तरी मधलं गाळायचं नाही.

इथली पत्रकारितेची शाळा 1908 सालची. पहिल्यापासून शिरस्ता असा की शिकायचं ते खऱ्या वर्तमानपत्रात काम करून. परीक्षेत चुकलं तर दोन मार्क जातात. आमचं चुकलं तर गावभर छापून येतं. हे वाक्य पहिल्या वर्षी मी मैत्रिणींना फुशारकीने सांगायचे. आता सांगत नाही. का, ते पुढे येईल.

इथे सगळे वेडे आहेत ते त्यांच्या फुटबॉलचे, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळण्याच्या खेळाचे. पंधरा मिनिटांचे चार भाग, पण घड्याळ इतक्यांदा थांबतं की सामना साडेतीन तास चालतो. मैदानाच्या कडेला आम्ही कॅमेरेवाले ओळीने गुडघे टेकून बसलेले. माझा फोटो आणि शेजारच्याचा फोटो यांत फरक काय, तर खालचं नाव. मी दोन हंगाम तेही केलं. पण मन रमलं ते कुस्तीत, आणि त्याला जबाबदार तुम्ही.

तुम्हाला यांची कुस्ती आधी पटणार नाही. माती नाही, मॅट. दोन कॉलेजं समोरासमोर येतात आणि 57 किलोपासून 129 किलोपर्यंत दहा वजनगटांच्या दहा लढती एकामागून एक. नुसती पाठ लागून भागत नाही, खांदे मॅटला टेकवून सेकंदभर दाबून धरावे लागतात. आणि गंमत म्हणजे, खाली घेतलेल्याला जखडून ठेवलं की तो वेळही मोजतात. समोरच्यापेक्षा मिनिटभर जास्त भरला तर एक गुण मिळतो. खेळणाऱ्याला गुण मिळतो, मला मात्र मिनिटभर नुसती पाठ दिसते. चेहरे मॅटमध्ये खुपसलेले, त्यात पंच नेमका माझ्यासमोर. म्हणून मी मॅटच्या कडेला पोटावर पालथी पडते. खालून बघितलं की दोघांच्या दंडांमधून एखादा डोळा दिसतो, आवळलेले दात दिसतात. सेकंदाचा हजारावा भाग एवढाच पडदा उघडायचा, नाहीतर हात पुसट येतात. एका रात्रीत बाराशे फोटो निघतात, पुढे जातात पंधरा. कानांना कवच बांधतात, तरी कित्येकांचे कान तुमच्यासारखेच मोडलेले आहेत.

आता चूक सांगते. जानेवारीत आमच्याच हॉलमध्ये लढती होत्या. 149 पौंडांचा (म्हणजे साधारण 68 किलोचा; इथे गट पौंडांत मोजतात) आमचा नेहमीचा मल्ल जायबंदी झाला आणि ऐनवेळी दुसराच मुलगा उतरला. ध्वनिक्षेपकावर नाव पुकारलं होतं. मी तेव्हा मान खाली घालून कार्ड बदलत होते. बाकी खेळांत पाठीवर नंबर असतो, तो बघून नाव ताडता येतं. कुस्तीच्या पोशाखावर नंबरच नसतो. आणि माझ्या संगणकात यादी आधीच भरलेली: 149 टाइप केलं की नाव आपोआप उमटतं. उमटलं. फोटो चांगला होता, मोठा छापला गेला.

दुसऱ्या दिवशी ऐनवेळी उतरलेल्या त्या मुलाच्या आईचं दोन ओळींचं पत्र: "फोटो फार सुंदर आहे. तो माझा मुलगा आहे."

ओरडलं कोणीच नाही. संपादकांनी एवढंच विचारलं, "नाव कोणाला विचारलं होतंस?" मी गप्प. चूकदुरुस्तीची दोन वाक्यं लिहायला मला तासभर लागला. त्या मुलाची पूर्ण हंगामात तेवढी एकच लढत झाली हो.

मग आम्ही दौऱ्यावर होतो. आधी ओक्लाहोमातलं स्टिलवॉटर (तिथल्या कॉलेजने राष्ट्रीय विजेतेपद तिसाहून जास्त वेळा घेतलंय, तुमच्या भाषेत, तालमीचं गाव), मग स्पर्धेला टल्सा. बातमीदार मुलगा गाडी चालवतो, मी मागच्या सीटवर मांडीवर लॅपटॉप घेऊन फोटो निवडते, आणि नेटवर्क मिळालं की पेट्रोल पंपावर उभं राहून पाठवायचे. बाबांना सांगा, पैशांची चौकशी करू नका: व्हिसावर आठवड्याला 20 तास कॉलेजातलंच काम करता येतं, बाहेरच्याने फोटोचे पैसे देऊ केले तरी घेता येत नाहीत.

टल्साहून परतल्यावर मी त्या आईला फोन केला आणि एका शनिवारी तिच्या गावी गेले. कापून गेलेल्या सोयाबीनची धसकटं उरलेले सपाट माळ, मध्येच एक घर. मुलगा सुट्टीला आलेला, गोठ्यात काम करत होता. आई म्हणाली, "कुठे उभी राहू?" आम्हाला शिकवलंय की मांडून घेतलेला फोटो चालत नाही. म्हटलं, जे करत होतात तेच करा. ती बटाटे सोलत बसली, मीही चाकू घेतला. तासाभराने कॅमेरा काढला तेव्हा तिचं माझ्याकडे लक्षही नव्हतं.

फ्रिजच्या दारावर माझं कात्रण लावलेलं होतं. खालचं चुकीचं नाव निळ्या पेनने खोडून वर मोठ्या, थरथरत्या अक्षरांत खरं नाव. त्याच्या आजोबांनी लिहिलेलं. चूकदुरुस्तीचं कात्रण मी सोबत नेलं होतं, ते पिशवीतच राहू दिलं.

तो जानेवारीतला फोटो या पाकिटात घातलाय. मागे पेन्सिलीने त्याचं नाव, वजनगट, तारीख लिहिली आहे. अक्षर न् अक्षर त्याच्याकडूनच तपासून घेतलंय. छापताना फोटोखालच्या ओळीत मी नुसतं "प्रतिस्पर्ध्याला खाली घेताना" असं लिहिलं होतं. मला तो पट वाटतो, पण उजवा हात मानेमागे गेलाय तो बघा. चष्मा लावून, खिडकीपाशी नेऊन नीट बघा आणि डाव कोणता ते आईला लिहून पाठवायला सांगा.

तुमची,
चिमी